घरच्या दागिन्यांचा हिशेब

(माता-पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेले भाषण)



‘स्त्रियांसाठी गृहोद्योग’ ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी वर्गात इतिहास आणि मराठी शिकवतो. बी.ए.ला असताना अर्थशास्त्राशी माझा संबंध एका पेपरापुरताच आला, आणि त्या पेपरात किती गुण मिळाले हे ह्या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. तथापि एका गृहोद्योगाचा हिशेब आमच्या घरात सात वर्षे लिहिला जात आहे. तो उद्योग माझ्या थोरल्या बहिणीचा, हाताने दागिने करण्याचा. त्या हिशेबात सुरुवातीला एक मोठी चूक झाली, आणि ती चूक करणारा मीच होतो. गृहोद्योगाविषयी सर्वसाधारण उपदेश करण्यापेक्षा ती चूक आपणांसमोर मांडावी, असे मला वाटले.

आमच्या घराण्याचा मूळ धंदा पटव्याचा. आजच्या मुलींना हा शब्द ठाऊक नसेल. सोनार दागिना घडवतो. पण साजाची पाने, पुतळ्या, बोरमाळेचे मणी, मंगळसूत्राच्या वाट्या हे सारे दोऱ्यात ओवून, गाठवून, मागे गोंडा बांधून तो गळ्यात घालण्याजोगा करतो तो पटवा. आमचे आजोबा एका सराफाच्या दुकानाच्या पायरीशी फळकुटावर बसत. रेशमाच्या दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेले, दोऱ्यावरून मेणाचा खडा फिरवलेला, आणि दोन्ही हातांची बोटे अशी चालत की पाहणाऱ्याला गाठ केव्हा पडली ते समजू नये. अब्बांनी तो धंदा सोडून एस.टी.त नोकरी धरली. मी शिक्षक झालो. हुन्नर मात्र घरात राहिला तो आपाच्या बोटांत, कारण लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून मणी निवडण्याचे काम तिचे असे.

२०१६ साली आमचे मेहुणे वारले. आपा दोन मुलींना घेऊन माहेरी आली. मोठी अकरा वर्षांची, धाकटी चार वर्षांची. अम्मी म्हणाल्या, घरात दोन घास जास्तीचे शिजतील. शिजत होतेही. पण आपाचा स्वभाव बसून खाण्याचा नव्हता. महिन्याभरातच तिने एका व्यापाऱ्याकडून मोत्यांच्या नथी करण्याचे काम घरी आणले. तार, मोती, लाल खडा सर्व त्याचे. तयार नथ डझनावर मोजून द्यायची. साध्या लहान नथीचा डझनाला ६० रुपये भाव होता. सात तास बसल्यावर दोन डझन होत. म्हणजे दिवसाला १२० रुपये, तासाला सतरा. त्यातही तार वाकडी गेली, मोत्याचा मुलामा निघाला की नग बाजूला पडे आणि पैसे कापले जात.

आपल्या समाजात हे चित्र अपवादाचे नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालात असे नमूद आहे की, काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया स्वतःच्या घरातच काम करतात. सर्व समाजांच्या काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तेव्हा ५१ टक्के होते. घरात काम करणारी बाई कोणाच्या हजेरीपटावर नसते. तिचे तास कोणी मोजत नाही, आणि ती स्वतःही मोजत नाही. खंबायतच्या अकीकची गोष्ट आपणांपैकी काहींना माहीत असेल. त्या अकीकच्या अंगठ्या आपल्याकडे मोठ्या हौसेने घालतात. गुजरातेतील त्या गावी हा दगड घासण्याचे, भोके पाडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून चालत आले. घासताना उडणाऱ्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग होतो, आणि कित्येक कारागीर त्याने गेले. अंगठीच्या किमतीत दगड धरला जातो, चांदी धरली जाते, दुकानभाडे धरले जाते. घासणाऱ्याचा श्वास धरला जात नाही.

असो. मी आपाला म्हणालो, “परक्याची मजुरी कशाला करतेस? स्वतः माल आण, स्वतः विक.” आणि माझ्या बी.एड.च्या अभिमानाने मी तिला एका कोऱ्या कागदावर हिशेब करून दिला. चांगल्या प्रतीच्या एका नथीला मोती, तार, खडा मिळून २४ रुपये, डबी व कागद ६ रुपये, एकूण ३०. विक्री ८० रुपयांना. नफा ५०! तो ५० चा आकडा मी दोनदा अधोरेखित केला, हे मला अजून आठवते. अशी नथ करावयास चाळीस मिनिटे लागतात, म्हणजे तासाला ७५ रुपये पडतील, असेही मी तिला समजावून सांगितले.

२०१८ च्या दिवाळीपासून आपा स्वतःचा माल करू लागली. मोहल्ल्यात, ओळखीच्या घरांत, लग्नघरांत तिच्या नथी जाऊ लागल्या. सर्वजण कौतुक करीत. घरात दोन महिने उत्साहाचे वातावरण होते. मात्र जानेवारीत धाकटीची फी भरण्याची वेळ आली तेव्हा आपाच्या डब्यात पैसे नव्हते. ती मला म्हणाली, “भाई, इतकी विक्री झाली, मग पैसा गेला कुठे?”

मला उत्तर देता येईना. म्हणून आम्ही दोघांनी बसून डिसेंबर महिन्याचा खरा हिशेब मांडला. तो मी येथे आकड्यांसह सांगतो, कारण माझ्या भाषणातील उपयोगाचा भाग तोच आहे. त्या महिन्यात तिने ६५ नथी केल्या आणि ४५ विकल्या. विक्री ३,६०० रुपये. ६५ नथींचा माल १,९५० रुपये. मोती आणण्यासाठी आणि माल पोचवण्यासाठी एस.टी. व रिक्षा मिळून ४५० रुपये. उधारीवर नेलेल्या पाच नथींचे ४०० रुपये आलेच नाहीत आणि पुढेही आले नाहीत. उरले ८०० रुपये आणि डब्यात वीस नथी. आता तास पाहा. ६५ नथी करण्याचे तास झाले त्रेचाळीस. शिवाय बाजारात जाणे, मोती निवडणे, घरोघर दाखवायला नेणे, लग्नघरात बसून राहणे, उधारीसाठी तीन-तीन वेळा दार वाजवणे, ह्याचे आणखी चाळीस. त्र्याऐंशी तासांचे ८०० रुपये म्हणजे तासाला दहा रुपयेही नाहीत. ज्या व्यापाऱ्याच्या मजुरीतून आपा सुटली म्हणून मी आनंद मानला होता, तो तासाला सतरा देत होता.

माझ्या कागदावरचा हिशेब फक्त विकल्या गेलेल्या, रोख पैसे आलेल्या एका नथीचा होता. उरलेली नथ, उधारीची नथ, वाटेतला वेळ ह्यांना त्यात जागाच नव्हती. मी आपाचे बसलेले तास तेवढे काम समजलो होतो, आणि चाललेले तास फुकट धरले होते.

पण ह्याहून वाईट गोष्ट हिशेब संपत आल्यावर कळली. मी आपाला विचारले, “महिन्याला त्र्याऐंशी तास तू कुठून काढलेस? घरचे सगळे काम तर तूच करतेस.” ती गप्प राहिली. कोपऱ्यात बसलेली मोठी भाची म्हणाली, “मामू, रात को मैं भी पिरोती थी ना.”

ती त्या वर्षी आठवीत होती, आणि माझ्याच वर्गात होती. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मी हजेरीपट उघडला. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिचे एकोणीस दिवस गैरहजेरीचे होते. ते एकोणीस ‘गै’ मी माझ्या हाताने लिहिले होते. घरी येऊन कधी विचारले तर डोके दुखत होते असे ती सांगे, आणि मी ते खरे मानत असे. इतर मुलींच्या घरी मी सायकल काढून चौकशीला जात असे. माझ्या स्वतःच्या घरात रात्री बारापर्यंत दिवा कशासाठी जळतो, हे मला दिसले नाही. नथी चांगल्या होत होत्या, एवढेच दिसत होते.

भगिनींनो, आपल्यापैकी अनेकींच्या घरी मुली शाळेतून आल्यावर मणी ओवतात, टिकल्या चिकटवतात, जरीकाम करतात. मुलीने आईला हातभार लावू नये असे मी म्हणत नाही. हुन्नर शिकण्याचे वय तेच असते, आजोबांजवळ बसली नसती तर आपा कुठे शिकली असती? परंतु एखादा धंदा जर मुलीच्या झोपेवर आणि शाळेवर चालत असेल, तर तो धंदा अद्याप चाललेलाच नाही. मुलीला दिलेली मजुरी शून्य असते म्हणून नफा दिसतो, एवढेच.

त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. भाचीने रविवारी दोन तासांपेक्षा जास्त बसायचे नाही, आणि तेही हिशेबात मजुरी धरून. दुसरी गोष्ट, आपाच्या प्रत्येक तासाला ६० रुपये धरायचे आणि मगच भाव काढायचा; त्या भावाला नथ विकली जात नसेल तर ती करायचीच नाही. नव्याने भाव मांडला तो असा: माल ३०, चाळीस मिनिटांची मजुरी ४०, येणे-जाणे, खराबा, उरलेला माल ह्यांपोटी १५. एकूण ८५. हा भाव मजुरी धरून झाला, पण तो आपल्या घरातून दुकानाला देण्याचा भाव आहे. दुकानदार त्यावर आपले भाडे, आपला नोकर, आपला नफा चढवणार. म्हणून गिऱ्हाइकासाठी १४० रुपये.

ऐंशीची नथ एकशेचाळीसला! मोहल्ल्यात गहजब झाला. आमच्या एक खाला तर म्हणाल्या, “पोरी, तीन रुपयांचे मोती आणि एवढा भाव?” आपाने मान खाली घातली. मला मात्र त्यावेळी मिरजेच्या सतारी आठवल्या. आमच्याकडे सतारमेकरांची घरे पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये करीत आली आहेत. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा आणि लाकूड ह्यांची किंमत जोडून कोणी सतारीचा भाव विचारत नाही. जवारी लावणाऱ्या हाताचे पैसे असतात हे गवयाला माहीत असते, आणि कारागिरालाही माहीत असते. नथ करणाऱ्या बाईला ते सांगावे लागते.

मोहल्ल्यातली निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके गेली. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्यापैकी अनेकींना १४० रुपये खरोखरच परवडणारे नव्हते. मग गिऱ्हाईक बदलावे लागले. एका साडीच्या दुकानाने नथी ठेवून घेतल्या. लग्नात नऊवारी नेसवून देणाऱ्या बायका असतात, त्यांना पेटीत दहा-बारा नथी लागतात. शाळांच्या स्नेहसंमेलनांना, नृत्याच्या वर्गांना एकदम पंचवीस-तीस लागतात, आणि त्याही दाबाच्या, कारण आजकाल बऱ्याच मुलींचे नाक टोचलेले नसते. पूर्वी आपा नथ, बुगडी, चिंचपेटी, तन्मणी, कानातले असे तीसेक प्रकार करी आणि प्रत्येकाचा थोडा थोडा माल डब्यात पडून राही. ते कमी करून तिने पाचच प्रकार ठेवले. आणखी एक पथ्य आम्ही पाळतो: घरी आलेल्या गिऱ्हाइकालाही नथ १४० लाच देतो. दुकानात १४० आणि घरी १०० असा भाव ठेवला तर गिऱ्हाईक दुकानात फक्त नमुना पाहून जाते, आणि दुकानदार पुढच्या महिन्यात माल परत करतो. एका दुकानाच्या बाबतीत आमचे असे झालेले आहे, आणि त्यात दोष आमचाच होता.

मात्र भाव बरोबर लागला म्हणजे उत्पन्न कायम झाले असे नाही. अशा सभांमधून लिज्जत पापडाचा दाखला देण्याची पद्धत आहे, आणि तो योग्यच आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, आणि त्यातून केवढी संस्था उभी राहिली हे सर्वांना माहीत आहे. परंतु पापड आणि नथ ह्यांत एक फरक आहे. पापड खाल्ला की संपतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लागतो. नथ संपत नाही. एकदा घेतलेली नथ बाई दहा वर्षे डबीत जपून ठेवते. म्हणजे दागिना जितका चांगला, तितके गिऱ्हाईक उशिरा परत येणार! दागिन्यांचे बरेचसे घरगुती धंदे पहिल्या दोन वर्षांत ओळखीचे लोक संपले की थांबतात, त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

ह्या अडचणीतून वाट सापडली ती आजोबांच्या फळकुटावर. दागिना संपत नाही, पण दोरा संपतो. घामाने, तेलाने, पाण्याने दोरा कुजतो. वर्षा-दोन वर्षांनी मंगळसूत्र पुन्हा ओवावे लागते. आपल्याकडे लग्नात काळ्या पोतीचा लच्छा घालतात, त्याचेही तेच. नथ पोचवायला एका घरी गेली असता तेथील आजींनी आपाला तुटलेली बोरमाळ दाखवली. आपाने तिथेच बसून ती गाठवून दिली. आजींनी तिचे काम उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “कोणाकडे शिकलीस?” पुढच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीतून सहा मंगळसूत्रे आली. मंगळसूत्र ओवण्याचे आज ती १२० रुपये घेते, साज गाठवण्याचे ३००. ह्यात माल जवळजवळ लागतच नाही, फक्त दोरा, मेण आणि हात. उधारी नाही, उरलेला माल नाही. आणि तीच बाई पुढच्या गौरी-गणपतीच्या आधी पुन्हा येते. ज्या कामाला जुनाट म्हणून आमच्या अब्बांनी सोडले, ते आपाच्या धंद्याचा पाया झाले.

ह्या कामातली जोखीमही सांगितली पाहिजे. दुसऱ्याचे सोने घरात येते. २०२१ साली एका मंगळसूत्रातील सोन्याचा एक मणी कमी भरला. तो आमच्याकडे येण्यापूर्वीच कमी होता की आमच्या सतरंजीत हरवला, हे अजून कळलेले नाही. आपाने दुसऱ्या दिवशी तसा मणी सराफाकडून आणून ओवून दिला. त्या महिन्याची कमाई त्यात गेली. बाईंना ती काही बोलली नाही. तेव्हापासून दागिना हातात घेण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर वाट्या, मणी, डोरली मोजायची, चिठ्ठीवर दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या, दागिन्याचा फोटो काढायचा आणि वजन करायचे असा नियम आहे. लहान वजनकाटा तिने तेव्हाच घेतला. अम्मींना प्रथम हे बरे वाटले नव्हते. त्यांच्या मते समोर मोजणे म्हणजे अविश्वास दाखवणे. पण गिऱ्हाइकांना ते आवडते, असा अनुभव आहे.

तिसरे काम हंगामी आहे, संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांचे. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर हलव्याचे पांढरे दागिने घालतात, आणि तान्ह्या मुलांना बोरन्हाणाच्या वेळी हलव्याचा मुकुट, बासरी, कडी लागतात. आपा हलवा तयार आणते आणि दागिने बांधते. डिसेंबरच्या अखेरीपासून रथसप्तमीपर्यंत काय ते काम. त्यानंतर तोच दागिना कोणी फुकटही नेत नाही, आणि दमट हवेत हलवा चिकट होतो. म्हणून निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय ती हलवा आणत नाही. आमच्या घरात संक्रांतीच्या सुमारास मुंग्यांचा फार त्रास होतो, हे जाता जाता सांगतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा लग्नसराईसाठी आपाने अकरा हजारांचा माल भरून ठेवला होता, तोही हप्त्याने कर्ज काढून. एप्रिल-मेमधली लग्ने झालीच नाहीत. माल डब्यात आणि हप्ता दारात, अशी ती परिस्थिती होती. ते कर्ज मी माझ्या पगारातून फेडले आणि आपाने ते मला दोन वर्षांत परत केले. तेव्हापासून ती माल भरण्यासाठी कर्ज काढत नाही. पंधरा दिवसांत लागेल तेवढेच मोती आणते, भाव थोडा चढा पडला तरी चालेल म्हणते. आपल्यापैकी ज्या भगिनींना व्याजाचे कर्ज नको असते त्यांची अडचण मला समजते, परंतु व्याज असो वा नसो, दागिन्यांच्या धंद्यात भांडवल बहुधा डब्यात अडकून पडते, आणि अडकलेला पैसा परत कसा करणार हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. कर्ज काढायचेच असेल तर ते काटा, पक्कड, चांगला दिवा अशा वर्षानुवर्षे उपयोगी पडणाऱ्या वस्तूंसाठी काढावे, मोत्यांसाठी नव्हे, असे माझे मत आहे. आणि उद्यम नोंदणीसाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. त्या नोंदणीला सरकारी फी नाही. आपल्या मोहल्ल्यात त्यासाठी पाचशे-पाचशे रुपये घेतलेले मी पाहिले आहेत.

आता २०२४-२५ ह्या वर्षाचा हिशेब ऐका. एकूण विक्री ३,१२,००० रुपये. त्यात नथी व मोत्यांचे दागिने १,४९,०००, ओवणे-गाठवणे व दुरुस्ती १,१८,०००, हलव्याचे दागिने ४५,०००. खर्चात माल ८६,४००. शेजारच्या दोघी मदतीला येतात त्यांची मजुरी ५८,०००. येणे-जाणे, डब्या, प्रदर्शनातील जागेचे भाडे १९,६००. मोडतोड व न विकलेला माल १२,०००. शिल्लक १,३६,०००, म्हणजे महिन्याला सुमारे ११,३०० रुपये. आपा रोज सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस काम करते. तासाला पंचाहत्तर रुपये पडतात. जो आकडा मी २०१८ साली एका नथीवरून पाच मिनिटांत काढून दिला होता, तो खरा व्हायला सहा वर्षे लागली, आणि मुख्यतः नथीमुळे तो खरा झालाच नाही.

अकरा हजारांत श्रीमंती येत नाही, हे मला कळते. शिवाय हे उत्पन्न सरासरीचे आहे. मार्गशीर्षात आणि ईदच्या आधीच्या दहा दिवसांत महिना वीस-बावीस हजारांवर जातो; आषाढात आणि पितृपंधरवड्यात तीन हजारांवर येतो. म्हणून चांगल्या महिन्यात आलेल्या पैशांतून आपा स्वतःला फक्त अकरा हजार ‘पगार’ देते आणि बाकीचे बँकेत ठेवते. हा पगाराचा विचार तिचा स्वतःचा. मी महिन्याच्या एक तारखेला कसा निश्चिंत असतो ते ती पाहत होती म्हणे.

सोन्याचा भाव २०२५ च्या एप्रिलमध्ये तोळ्याला एक लाखावर गेला, तेव्हापासून मोत्यांच्या आणि खोट्या दागिन्यांना विचारणा वाढली आहे. मोबाइलवर फोटो पाठवून बाहेरगावच्याही मागण्या येतात. फोटो मात्र सकाळी खिडकीशी काढावा. ट्यूबलाइटखाली मोत्याचा रंग निळसर येतो आणि पार्सल परत येते. ही माहिती मला भाचीने दिली, आणि भाषणात सांगाच असे बजावले.

ती भाची यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वही आता तीच लिहिते. माझ्या जुन्या कागदावरचा तो दोनदा अधोरेखित केलेला ५० चा आकडा तिने वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवला आहे आणि त्याखाली लाल शाईने ‘मामूंचा नफा’ असे लिहिले आहे. आपा आणि ती, दोघीही आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. कोणाला भाव कसा काढावा हे पाहायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी त्यांच्याजवळ बसून वही पाहावी. फक्त ती घरी नेऊ नये. ह्या आठवड्याची सात मंगळसूत्रे तिच्यात अजून उतरवायची आहेत.